मुलाचे हसू वाकडे दिसते? घाई नको, हयगयही नको



शाळेत दहावीच्या मुलांचा निरोपाचा फोटो काढतात, तो एकदा नीट पाहा. सगळी मुले हसत असतात; पण त्यांत दोन-तीन तरी अशी दिसतील, की त्यांनी ओठ घट्ट मिटलेले आहेत. एखादी मुलगी तोंडावर पदराचे किंवा ओढणीचे टोक धरून उभी असते. घरी विचारले तर ती काही सांगत नाही. वर्गात तिला कोणी काय म्हणते, हे तिच्या धाकट्या भावाला ठाऊक असते. कोणाचे दात पुढे आले म्हणून तो ‘दात्र्या’, कोणाचा सुळा वर चढला म्हणून त्याला आणखी काही. तेरा ते अठरा हे वय असे, की अंगाला लागलेला काटा मूल विसरते, पण असा शब्द विसरत नाही.

मी शेतीखात्याचा माणूस, दातांचा डॉक्टर नव्हे. परंतु लिंबागणेश आणि आसपासच्या बालाघाटच्या डोंगरावरील गावांत कापसाच्या बोंडअळीची नाही तर सीताफळाच्या छाटणीची चर्चा संपली, की एखादी माउली हळूच विचारते, “साहेब, पोरीचे दात असे एकावर एक आलेत. तार लावतात म्हणे. लावावी का? खर्च किती? पुढे काही वाईट तर होत नाही ना?” हा प्रश्न अनेक घरांत आहे. म्हणून दंतवैद्य जे सांगतात, ते आपल्या संसाराच्या आणि हंगामाच्या हिशेबात बसवून येथे मांडतो.

आरंभीच मुख्य गोष्ट सांगून ठेवतो. वाकड्या दातांवर उपचार आहे आणि किशोरवय हा त्याचा चांगला काळ आहे. मात्र या उपचाराला दोन-दोन वर्षे राखण लागते. ज्या घराला दर महिन्याला दवाखान्यात जाणे जमणार नाही, त्याने तार लावून ती तशीच सोडली, तर न लावण्यापेक्षा नुकसान जास्त. तेव्हा आधी तपासणी, मग हंगामाचा हिशेब, आणि त्यानंतर उपचार, हा क्रम धरावा.

वाकडेपणा नेमका कोठे आहे?

पीक पिवळे पडले तर आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचले आहे की मुळाला कीड आहे, हे आधी पाहतो. हसण्याचेही तसेच आहे. हसू वाकडे किंवा विषम दिसण्याची ठिकाणे चार: दातांची ओळ, दातांचा रंग व आकार, जबडा व हिरडी, आणि ओठ व चेहऱ्याचे स्नायू. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिले ठिकाण दातांची ओळ. दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. पुढचे पटाशीचे दात सहा ते आठ-नऊ वर्षांच्या दरम्यान बदलतात आणि वरचा सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. आपण म्हणतो, “दुधाचे दात काय, पडणारच आहेत.” येथेच फसगत होते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, की शेजारची दाढ त्या जागेत सरकते. मग उशिरा येणाऱ्या सुळ्याला जागा उरत नाही आणि तो हिरडीत वरच्या बाजूला, ओळ सोडून उगवतो. याशिवाय आईबापांकडून आलेली जबड्याची ठेवण, चार-पाच वर्षांनंतरही न सुटलेली अंगठा चोखण्याची सवय, आणि नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे, हीही कारणे आहेत.

तेराव्या-चौदाव्या वर्षीही दुधाचा सुळा तसाच आणि कायमचा सुळा कोठे दिसत नाही, असे असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. तो सुळा हाडात आडवा अडकून शेजारच्या दाताचे मूळ झिजवीत असू शकतो. हे वरून कळत नाही आणि दुखतही नाही.

तार दात कसा हलवते?

अनेकांना वाटते, की दात हाडात मेखेसारखा ठोकलेला आहे. तारेने ओढला तर ढिला होऊन पडेल. तसे नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. दातावर हलका पण सतत दाब राहिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिकडचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब वाढवला म्हणून तो लवकर सरकत नाही, उलट मूळ दुखावते. म्हणून या कामाला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात, आणि दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांना तार बदलावी किंवा आवळावी लागते.

“पंधरा दिवसांत ओळ सरळ करून देतो” असे कोणी म्हटले, तर तो दात हलवणार नाही. चांगले दात घासून त्यांवर टोप्या बसवणार आहे, एवढे ओळखावे.

उपचाराचे प्रकार

काढघालीची पट्टी. थोडासा वाकडेपणा असेल, एखाद-दुसरा दात मागे-पुढे असेल, तर तार बसवलेली टाळूची पट्टी चालते. ती मुलाला स्वतः काढता-घालता येते. परंतु घातली तरच गुण येतो. दप्तरात ठेवलेल्या पट्टीने दात सरळ होत नाहीत.

जबड्याच्या वाढीला वळण देणारी पट्टी. खालचा जबडा मागे राहिल्यामुळे वरचे दात पुढे दिसत असतील, तर वाढीच्या ऐन काळात वर-खाली बसणारी पट्टी देतात. मुलींची ही वाढ मुलग्यांपेक्षा वर्ष-दोन वर्षे आधी होते, म्हणून मुलीला दहा ते तेराच्या दरम्यान आणि मुलग्याला साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान दाखवलेले बरे. हा काळ हुकला, की पट्टीचा उपयोग फार राहत नाही. पेरणीची वाफ गेल्यावर बी टाकण्यासारखेच ते.

चिकटवलेली तार. लोक जिला ‘क्लिप’ म्हणतात ती हीच. प्रत्येक दातावर छोटी कडी चिकटवून तीतून तार ओवतात. पोलादी कड्या स्वस्त आणि दणकट असतात. दातांच्या रंगाच्या कड्या कमी दिसतात. पण त्या महाग आणि ठिसूळ असतात. शेतात, मैदानावर वावरणाऱ्या मुलाला पोलादी बऱ्या. दाटी फार असेल तर जागा करण्यासाठी सुळ्यामागचे दोन किंवा चार दात काढावे लागतात. ऐकून धसका बसतो. परंतु दाट पेरलेल्या ओळीत विरळणी करतो, तसाच हा विचार आहे. तो एक्स-रे आणि तोंडाचे साचे घेतल्यावरच ठरवावा, नुसते पाहून नव्हे.

पारदर्शक साचे. शहरात हल्ली तारेऐवजी पारदर्शक साच्यांची मालिका देतात. ते दिसत नाहीत, मात्र दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात आणि खर्चही पुष्कळ असतो. प्रत्येक वाकडेपणाला ते पुरे पडत नाहीत.

शस्त्रक्रिया. जबडाच एका बाजूला वाढला असेल किंवा खालचा जबडा खूप पुढे असेल, तर नुसती तार पुरत नाही. वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण अठराव्या वर्षानंतर, तार आणि शस्त्रक्रिया मिळून उपचार होतो.

काहीच न करणे. हाही एक पर्याय आहे, हे लक्षात ठेवा. दात स्वच्छ राहतात, चावता येते, हिरडी चांगली आहे आणि मुलाला स्वतःला त्याचे काही वाटत नाही, तर किंचित वाकड्या दातासाठी घर कर्जात घालण्याचे कारण नाही. मात्र खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील, पुढे आलेले दात पडल्या-झडल्यावर तुटण्याची भीती असेल, किंवा दाटीमुळे घास अडकून कीड लागत असेल, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

तार काढल्यावर काम संपले, असेही नाही. दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात. म्हणून त्यांना धरून ठेवणारी पट्टी पुढे दीर्घकाळ वापरावी लागते. नव्या कलमाचा आधाराचा बांबू आपण लगेच काढत नाही, हे तुम्हाला सांगावयास नकोच.

ऊसतोडीच्या घरांसाठी

आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. दर महिन्याच्या तपासणीचे गणित येथेच मोडते. दिवाळीआधी मुलाला तार लावली आणि सहा महिने फडावर नेले, तर काय होते? कडी निसटते, तारेचे टोक गालात रुततात, कड्यांभोवती अन्न साचून दातांवर पांढरे डाग पडतात व कीड लागते, हिरडी सुजते. शिवाय आवर न राहिल्याने दात भलतीकडेच सरकू शकतात. मग पैसाही गेला आणि दातही गेले.

यावर मार्ग आहेत. पहिला मार्ग असा, की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे, “आम्ही अमुक महिन्यात ऊसतोडीला जातो.” हे सांगण्यात कमीपणा नाही. दुसरा, तार परतल्यावर, म्हणजे चैत्र-वैशाखात सुरू करावी, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत पहिले पाच-सहा महिने नीट पार पडतात. तिसरा, पुढच्या हंगामात मुलाला आजी-आजोबांजवळ किंवा गावच्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवावे. तसेही शाळा बुडू नये म्हणून ते करावयासच हवे. त्याला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र जाण्यापूर्वी ठरवावे. चौथा, ज्या कारखान्याच्या भागात जाणार तेथील दंतवैद्याकडे दाखवता यावे म्हणून एक्स-रे व उपचाराचा कागद बरोबर घ्यावा. आणि यांतले काहीच जमणार नसेल, तर तार लांबणीवर टाकावी. दात मोठेपणीही हलवता येतात. वेळ जरा जास्त लागतो, एवढेच. हुकल्यावर परत न येणारी संधी जबड्याच्या वाढीची. म्हणून तपासणी मात्र लांबवू नये.

आणखी एक सांगतो. दातांसाठी मुकादमाकडून वाढीव उचल घेऊ नका. उचल फिटता फिटत नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पैशाची जुळणी होईपर्यंत थांबण्याने दात बिघडत नाहीत. किडलेल्या दाढेचे मात्र तसे नाही, ती आधी भरून घ्यावी.

डाग पडलेले आणि तुटलेले दात

काही गावांत मुलांच्या दातांवर पांढरट पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. घासून घासून हिरडी सोलली तरी ते जात नाहीत, कारण ते वरून लागलेले नसतात. पाण्यात फ्लोराईड जास्त असले, तर हिरडीच्या आत दात तयार होत असतानाच हे डाग पडतात. आठव्या वर्षापर्यंत पुढच्या दातांचे कवच तयार होऊन जाते. म्हणून थोरल्याच्या दातांवर डाग दिसले, की धाकट्यांसाठी पाणी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. ग्रामपंचायतीमार्फत बोअरच्या पाण्याचा नमुना शासकीय पाणी प्रयोगशाळेत देता येतो. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटून ते उलट दाटते.

पडलेल्या डागांवर उपाय आहेत: वरचा अतिशय पातळ थर घासून काढणे, डाग फिकट करणे, किंवा दाताच्या रंगाचा लेप चढविणे. कमीत कमी दात घासला जाईल तो उपाय आधी निवडावा.

दाताचा कोपरा तुटला असेल तर त्याच रंगाचे भरण करून बहुधा एका बैठकीत तो बांधता येतो. परंतु मार लागल्यावर काही महिन्यांनी दात काळसर पडला, तर आतली नस मेली असे समजून मुळाचा उपचार करावा.

बैलाचा शिंगाडा, हापशाचा दांडा, मोटारसायकलवरून पडणे, अशा अपघातांत कायमचा दात मुळासकट निघून येतो. अशा वेळी तो फेकू नका. दात वरच्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरून जागेवर परत बसवावा. ते जमत नसेल तर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. लवकर पोहोचलेला दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

एखादा कायमचा दात मुळी आलाच नसेल, तर त्या जागी तात्पुरता दात बसवून घ्यावा. हाडात स्क्रू बसवून लावायचा पक्का दात वाढ पूर्ण झाल्यावरच करतात.

हिरडी, ओठ आणि चेहरा

हसताना हिरडी फार दिसते, अशी तक्रार असते. पुष्कळदा ती हिरडी नुसती सुजलेली असते, कारण ब्रश नीट होत नाही. मिश्री, राखुंडी यांनी दात झिजतात आणि हिरडी मागे जाते. घरातील थोरांनी मुलीच्या हातावर मिश्री ठेवू नये. सुपारी आणि गुटखा यांनी तर तोंड उघडणेच कमी होत जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मुलांच्या खिशावर लक्ष असू द्यावे. सूज उतरल्यावरही हिरडी जास्त दिसत असेल, तर तिच्या शस्त्रक्रियेचा विचार वाढ पूर्ण झाल्यावर करावा.

चांगले हसणारे मूल सकाळी उठले आणि तोंड एका बाजूला ओढले गेले, एक डोळा मिटेना, तर “वारे गेले” म्हणून तेल चोळत बसू नका. चेहऱ्याच्या नसेच्या या आजारावर पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. हातापायातील शक्ती गेली किंवा बोलणे अडखळू लागले, तर क्षणाचाही उशीर न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आता दुभंगलेल्या ओठाविषयी. पोटुशी बाईने ग्रहणात विळी धरली म्हणून मुलाचा ओठ चिरला, ही समजूत अजून गेलेली नाही. ती खोटी आहे. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळावयाचे राहतात, त्याला आईचा काही दोष नाही. ओठाची शस्त्रक्रिया तान्हेपणी तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची साधारण दीड वर्षाच्या आत करतात. ती झाली तरी किशोरवयात दात वाकडे येणे, ओठ किंवा नाक एका बाजूला दिसणे उरते. त्यावर हिरडीच्या फटीत हाड भरणे, तार लावणे, आणि वाढ झाल्यावर ओठ-नाकाची डागडुजी, असा टप्प्याटप्प्याने उपचार आहे. लहानपणी एकदा टाके पडले म्हणजे सारे संपले, असे मानून घरी बसू नये.

या कामात आपल्या मराठी मुलखातील एका माणसाची आठवण करून देणे योग्य होईल. डॉ. शरदकुमार दीक्षित यांचा जन्म १९३० मध्ये पंढरपूरचा. अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाल्यावर १९६८ पासून ते वर्षातील काही महिने भारतात येऊन मोफत शिबिरे घेऊ लागले. दुभंगलेले ओठ, मिटलेल्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण यांवर त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या अर्ध्या अंगाची शक्ती गेली. तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी शिबिरे चालूच ठेवली. ते २०११ मध्ये निवर्तले. त्यांच्या शिबिरांना खेड्यापाड्यांतून आईबाप मुलांना खांद्यावर घेऊन येत. आता शिबिराची वाट पाहावी लागत नाही. ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था देशातील अनेक रुग्णालयांमार्फत दुभंगलेल्या ओठ-टाळूची शस्त्रक्रिया मोफत करविते.

जावे कोठे?

पहिली पायरी घराजवळच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक सरकारी शाळांत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते. दात आणि दुभंगलेला ओठ दोन्ही त्या तपासणीत येतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर ठेवू नका. लिंबागणेशच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारून चिठ्ठी घेता येते. तेथून मांजरसुंब्यावरून बीडचे जिल्हा रुग्णालय.

तारेच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. ते १९८२ मध्ये सुरू झाले. दात सरळ करण्याचा तेथे स्वतंत्र विभाग आहे आणि खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. बीडहून ते सुमारे १३० किलोमीटर. आई आणि मुलगी जाणार असतील तर मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे. तरी प्रत्येक खेपेचा बुडणारा रोज हिशेबात धरावा.

खाजगीत जायचे तर पाटी वाचा. दातांच्या डॉक्टरची पदवी बी.डी.एस. असते आणि दात सरळ करण्यातील तज्ज्ञाने त्यापुढे तीन वर्षांची एम.डी.एस. केलेली असते. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. जत्रेत, बाजारात बसून दात बसवून देणाऱ्याच्या हाती मूल देऊ नये.

डॉक्टरांना हे प्रश्न अवश्य विचारा:

१. वाकडेपणा दातांचा आहे की जबड्याचा?
२. उपचार केला नाही तर काय होईल?
३. दात काढावे लागतील का? कोणते आणि का?
४. एकूण किती महिने, किती खेपा?
५. एकूण खर्च किती? एक्स-रे, तुटलेली कडी आणि शेवटची पट्टी त्यात धरली आहे का? हप्ते कसे? हे कागदावर लिहून घ्यावे.
६. आम्ही सहा महिने गावी नसलो तर काय करावे?

घरी घ्यावयाची काळजी

तार असेपर्यंत ऊस दाताने सोलू नये, भाजलेले कडक कणीस, चिंचोके, गुळाचा खडा, चिक्की दातांनी फोडू नये. भाकरी कालवणात किंवा दुधात कुस्करून खावी; पेरू कापून खावा. जेवणानंतर चूळ भरावी आणि दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपताना, मऊ ब्रशने कड्यांच्या वरून व खालून घासावे. कडुलिंबाच्या काडीने तारेखालची घाण निघत नाही. तार आवळल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात, त्याला भिऊ नये. तेवढे दिवस वरण-भात, खिचडी द्यावी.

मुलीच्या बाबतीत एक शब्द

“दात सरळ केले म्हणजे सोयरीक लवकर जमेल,” असे म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे धडधाकट दात घासून त्यांवर टोप्या चढविण्याची घाई काही घरे करतात. या वयात दाताची नस मोठी असते. घासताना ती उघडी पडू शकते. एकदा घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही आणि टोपी काही जन्मभर टिकत नाही, ठरावीक वर्षांनी बदलावी लागते. मुलीचे लग्न अठराच्या आत करणे कायद्याला मान्य नाही, तेव्हा एवढी घाई कशासाठी? तार लावायची ती तिला नीट चावता यावे, दात टिकावेत आणि तिला मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. हवी की नको, हे तिलाही विचारावे. जिची मनापासून तयारी असते, तीच दोन वर्षे पट्टी घालते आणि ब्रश करते.

आणि तोवर घरातल्या माणसांनी एक काम करावे, त्याला पैसा पडत नाही. मुलाच्या दातांवरून चेष्टा बंद करावी, शिक्षकांनाही तसे सांगावे. लिंबागणेशच्या भालचंद्राला आपण सारे हात जोडतो. गणपतीचा एक दात मोडका, म्हणून आपण त्याला एकदंत म्हणतो, ते मानाने म्हणतो. देवाला मान द्यायचा आणि घरच्या लेकराला ‘दात्र्या’ म्हणायचे, हे बरे नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. दिवसाच्या उजेडात मुलाला ओसरीवर बसवा, “आ” करावयास सांगा आणि दात मोजा. दुधाचा दात उरला आहे का, दाढ किडली आहे का, सुळा आला आहे का, हिरडी सुजली आहे का, ते पाहा. दिसेल ते वहीत टिपून ठेवा आणि आरोग्य केंद्रात जाताना ती वही बरोबर न्या.